दगडाला बांधलेला पिलाजी

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या माणसाला पोलादपूर ठाऊक असतं ते एका फाट्यासाठी. इथून डावीकडे वळलं की आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, न वळलं तर पुढे कशेडी. या घाईच्या गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून ‘शिवभारत’ हे संस्कृत महाकाव्य रचणारा हा कवी. याच तालुक्यात उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. तुळशीदास शाहिराच्या सिंहगडच्या पोवाड्यात तानाजीच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची गडबड चालू असते ती तिथे. शेजारच्या महाड तालुक्यात शिवथरघळ. दासबोध इथेच लिहिला गेला असं समर्थ संप्रदाय मानतो. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 साली ही जागा हुडकून काढली. दोन तालुक्यांच्या हद्दीत एक संस्कृत महाकाव्य, एक पोवाडा आणि एक ओवीबद्ध ग्रंथ, एवढी कवितेची श्रीमंती महाराष्ट्रात फार ठिकाणी सापडणार नाही. आता खिशातल्या मोबाइलवर बरा शॉट घेता येतो, संकलनही त्यावरच होतं. तेव्हा या कवितांचे लघुपट करावेत का, आणि करायचे तर कसे, हा प्रश्न इथल्या पोरांपुढे आज ना उद्या येणारच.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. लघुपट जरूर करावेत. पण कवितेतली गोष्ट उचलून तिची चित्रं करत बसू नये. ती गोष्ट कुणीतरी कुणाला तरी सांगतो आहे, तो सांगणारा आणि तो ऐकणारा यांना पडद्यावर आणावं. जुनी कविता त्या दोघांच्या मधे उभी असते. त्यांना वगळलं की हातात फक्त कथानक उरतं, आणि कथानकासाठी कविता कशाला हवी? बखर पुरते, कादंबरी पुरते. या म्हणण्याला विरोध करायला मी शास्त्रीबुवांना बोलावलं आहे. शास्त्रीबुवा काल्पनिक आहेत, त्यांचे आक्षेप तेवढे खरे आहेत. पूर्वपक्ष तगडा असल्याशिवाय उत्तरपक्षाला वजन येत नाही, ही रीत त्यांच्याच शास्त्रातली.

शास्त्रीबुवा : तुमच्या पोरांच्या हौसेला माझा विरोध नाही, पण मुळातच घोटाळा आहे. कवितेतलं चित्र ऐकणाऱ्याच्या मनात तयार होतं. शंभर श्रोते असले तर शंभर तानाजी. कॅमेरा त्यातला एक पकडतो आणि उरलेले नव्याण्णव मारून टाकतो. पुढे पोवाडा ऐकताना डोळ्यांपुढे त्या नटाच्याच मिशा येतात. नाटकाचं ठीक आहे, ते बघण्यासाठीच लिहिलेलं असतं. काव्य ऐकण्यासाठी असतं, त्याला ऐकण्यातच राहू द्या. आणि दुसरं म्हणजे, चित्रपट कवितेच्या मानगुटीवर बसतो. 1936 सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. व्हेनिसच्या महोत्सवात नावाजलेला, दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनिसांचा. त्यातला एक अभंग लोक तुकोबांचा म्हणून डोळे मिटून गातात. तो तुकोबांचा नाहीच, शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी लिहिला. तीनशे वर्षं पाठांतरावर जगलेल्या गाथेत एका बोलपटाने भर घातली आणि कुणाला पत्ता लागला नाही! आता हेच हत्यार गावोगाव वाटायचं म्हणता?

मी : आठवल्यांचा दाखला बिनतोड आहे, तो मी मोडायला जात नाही. पण त्यातून निघतं काय तेही पाहा. आठवल्यांचा अभंग खपला, कारण चित्रपटाने जोड दिसू दिली नाही. तुकोबांचं काय आणि चित्रपटवाल्यांचं काय, हे कळायला प्रेक्षकापाशी काहीच साधन नव्हतं. आणि तरीही तो चित्रपट उभा राहिला, कारण त्यात अभंग कुणाच्या तरी समोर, कुणासाठी तरी, हातातलं काम चालू असताना येतात. शेजारी जिजाई वैतागलेली असते, पोरं असतात, गाव असतं. पागनिसांचा तुकाराम प्रेक्षकाकडे बघून गात नाही, तो त्या माणसांत गातो. म्हणजे या एका चित्रपटात तुमचाही पुरावा आहे आणि माझाही. धोका आहे तो सांधा लपवण्यात. सांधा उघडा ठेवा, धोका बराचसा जातो.

राहिले ते शंभर तानाजी. तुळशीदासाचा पोवाडा कधी कुणी खोलीत बसून मुक्याने वाचला होता का हो? शाहीर उभा, हातात डफ, मागे तुणतुणं, झील धरायला साथीदार. शाहीर हात उगारतो, मिशीवर ताव देतो, सिंहगडच्या किल्लेदाराचं, उदेभानाचं बोलताना आवाज बदलतो. श्रोत्याच्या मनातल्या तानाजीला शाहिराच्या देहाचा आकार तेव्हाही मिळतच होता. फरक इतकाच की शाहीर रोज वेगळा होता, आणि चित्रपट एकदा झाला की झाला. याला औषध एकच, एका पोवाड्याचा एक महागडा चित्रपट करण्यापेक्षा दहा स्वस्त लघुपट व्हावेत. उमरठच्या पोरांनी केलेला, पोलादपूरच्या शाळेने केलेला, महाडच्या कॉलेजने केलेला. दहांतले आठ फसतील. शाहिरांतही सगळेच काही कान टवकारून ऐकण्याजोगे नव्हते.

शास्त्रीबुवा : सिंहगडावर चित्रपट काय कमी झाले? मग पोवाड्याला आणखी कशाला राबवता?

मी : इथेच गंमत आहे. सिंहगडावर चित्रपट झाले, सिंहगडच्या पोवाड्यावर जवळजवळ नाहीच. 1923 साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी ‘सिंहगड’ काढला. कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्यं घेण्याचा त्यांचा खटाटोप तेव्हा गाजला, आणि शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. पुढे 1933 मध्ये शांतारामांनीच प्रभातसाठी त्याचा बोलपट केला. या दोन्हींचा आधार हरिभाऊ आपट्यांची कादंबरी. उदेभानाच्या तावडीत सापडलेली कमलकुमारी ही आपट्यांच्या कादंबरीतली. पोवाड्यात तिला जागा नाही. 2020 च्या ‘तान्हाजी’तही उदेभानाच्या मागे कमल नावाची एक बाई आहेच. शंभर वर्षं आपला सिनेमा सिंहगडाकडे जातो तो कादंबरीच्या वाटेने. पोवाड्याची वाट डाव्या हाताला पडून राहिली.

आणि ती वाट कुठे नेते पाहा. पोवाड्याच्या सुरुवातीला जिजाऊ प्रतापगडावर आहेत, हस्तिदंती फणीने केस विंचरताहेत, आणि तिथून त्यांना सिंहगड दिसतो. मग राजगडावरून शिवाजीराजे येतात, मायलेक सारीपाट मांडतात आणि जिंकलेली आई डावात गड मागून घेते. राजकारण, मोगलांशी तह, फौजफाटा, काही नाही. केस विंचरणारी आई, खिडकी आणि सारीपाट. आता हे कॅमेऱ्याने सरळ दाखवायला गेलं तर पहिल्याच शॉटला भूगोल आडवा येतो. प्रतापगडापासून सिंहगडापर्यंत सह्याद्रीच्या किती रांगा आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. पुढे उदेभान येतो. इतिहासातला उदेभान राजपूत, राठोड. पोवाड्यातला पठाण. अठरा बायकांचा धनी, आणि एका बैठकीला जे फस्त करतो त्यावर एखादी पंगत उठावी. मग कड्यावर दोर चढवणारी यशवंती नावाची घोरपड. सभासदाच्या बखरीत ती नाही. हे सगळं शाहिराच्या तोंडी शोभतं, कारण ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की शाहीर रंगात आला आहे. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. तो जे दाखवतो त्यावर ‘हे असंच घडलं’ असा शिक्का आपोआप बसतो. पठाण म्हणून दाखवलेला उदेभान पडद्यावर दहा मिनिटं वावरला की शाळकरी पोराच्या डोक्यात तो कायमचा पठाण झाला, आणि त्याचे आज काय अर्थ लावले जातील हे सांगायची गरज नाही.

मग दोनच रस्ते उरतात. एक, पोवाडा दुरुस्त करायचा: पठाणाचा राजपूत करायचा, घोरपड काढायची, जिजाऊंना राजगडावर आणायचं. उरेल तो इतिहासाच्या पुस्तकातला धडा. दुसरा, पोवाडा जसा आहे तसा ठेवायचा आणि शाहिराला पडद्यावर उभं करायचं. घोरपड दाखवायची नाही, घोरपडीचं वर्णन करणारा शाहीर दाखवायचा, आणि ते ऐकताना गालातल्या गालात हसणारी, तरीही मान डोलावणारी श्रोत्यांतली म्हातारी दाखवायची. अतिशयोक्ती शाहिराच्या नावावर राहते, कॅमेऱ्याच्या नावावर जात नाही. तुम्ही म्हणाल ही पळवाट झाली. मला हा एकच प्रामाणिक रस्ता दिसतो. शिवाय घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तिच्या कमरेला दोर बांधायला निघालेल्या दिग्दर्शकाला वनखातंच आधी भेटेल!

शास्त्रीबुवा : पोवाड्याचं तुम्ही साधलंत, कारण तो मुळात प्रयोगच आहे. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे त्या ॲकवर्थ साहेबांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर 1891 मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला. तोवर हे सगळं शाहिरांच्या तोंडीच होतं, कबूल. पण शिवभारत? ते पंडिती संस्कृत महाकाव्य. एकतीस अध्याय पूर्ण, बत्तिसावा सुरू होतो न होतो तोच ग्रंथ तुटतो. त्यातलं दहा मिनिटांत काय मावणार? आणि ऐकणार कोण? अनुष्टुभ कानावर पडला तर आजच्या पोराला ती सत्यनारायणाची पोथी वाटेल. तुम्ही मग संस्कृत काढून टाकाल, खाली पार्श्वसंगीत घालाल, ड्रोन उडवाल, भगवा झेंडा संथ गतीने फडकवाल. असे तुकडे मोबाइलवर दिवसाला पन्नास येतात. त्यात परमानंद कुठे?

मी : ड्रोन आणि संथ झेंडा याबाबत आपलं भांडण नाही. गडाला प्रदक्षिणा घालणारा ड्रोन कवितेबद्दल काहीही सांगत नाही, तो फक्त आपल्याकडे ड्रोन आहे एवढं सांगतो. परमानंद पंडिती आहेत हेही खरं. पण शिवभारताची मांडणी आठवा. कवी काशीला गेला आहे, तिथले पंडित त्याला शिवाजीराजांचं चरित्र विचारताहेत आणि तो सांगतो आहे. मधेच पंडित अडवतात, विचारतात, कवी पुढे जातो. म्हणजे आख्खं महाकाव्य हा एक संवाद आहे, तुमच्या-माझ्यासारखा. जावळीच्या रानातली लढाई गंगेच्या काठी बसलेल्या, जावळी कधीही न पाहिलेल्या माणसांना सांगितली जाते आहे. चित्रपटाला याहून चांगली चौकट कुठे मिळायची? पारघाटाच्या पायथ्याला राहिलेला कवी, समोर घाट म्हटला की पायऱ्यांचा नदीकाठ डोळ्यांपुढे येणारे काशीकर. या दोघांतलं अंतर हाच चित्रपटाचा अर्धा विषय झाला.

लांबीचं म्हणाल तर एकतीस अध्याय कोण करायला सांगतंय? आपल्याकडे कीर्तनकार काय करतो? वारकरी कीर्तनात एक अभंग घेतात आणि दोन तास त्यातून बाहेर पडत नाहीत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला एक पद, उत्तररंगाला एक आख्यान. आख्खी गाथा कुणी एका रात्रीत सांगत नाही आणि गाथा अपुरी राहिली अशी तक्रारही कुणी करत नाही. लघुपटाला पूर्वज शोधायचा तर तो मला नाटकापेक्षा कीर्तनात दिसतो. थोडं घ्यायचं, जवळून पाहायचं, सांगणारा समोर उभा. परदेशातही याची उदाहरणं आहेत. पॉल स्ट्रँड आणि चार्ल्स शीलर यांनी 1921 साली ‘मॅनहाटा’ नावाचा दहाएक मिनिटांचा मूकपट केला. न्यूयॉर्कच्या इमारती, बोटी, धूर, आणि मधूनमधून वॉल्ट व्हिटमनच्या ओळींच्या पाट्या. ओळीत जे आहे ते दाखवायचा अट्टहास नाही. ओळ येते, जाते, मग चित्र येतं. पाटी आणि चित्र शेजारी राहतात, एकमेकांत कालवली जात नाहीत.

शिवभारतातला एक प्रसंग सांगतो. संगमेश्वरला शिवाजीराजांच्या फौजेचा तळ पडलेला असताना शृंगारपूरकर सूर्यराव सुर्वे रात्री हल्ला करतो. तानाजी आणि पिलाजी नीळकंठराव तिथे आहेत. पिलाजी घाबरून पळू लागतो. तानाजी त्याचा हात धरतो, त्याला खडसावतो, आणि चक्क दोराने दगडाला बांधून ठेवतो. मग लढायला वळतो. काही श्लोकांचा मामला. सिंहगड अजून नऊ वर्षं दूर आहे, आणि हे काव्य तर सिंहगडापर्यंत पोचायच्या आतच तुटतं. त्यामुळे परमानंदांचा तानाजी मरत नाही. तो जिवंत आहे, चिडलेला आहे, आणि त्याच्यापुढे अडचण आहे ती शत्रूची नाही, स्वतःच्या बाजूच्या भेदरलेल्या माणसाची. सिंहगडच्या तानाजीवर शंभर वर्षं चित्रपट निघाले, या तानाजीकडे कुणी फिरकलं नाही. पोलादपूरच्या कवीने उमरठच्या माणसाबद्दल लिहिलेली ही गोष्ट, आणि तिला लागतं काय? रात्र, एक दगड, एक दोर, दोन माणसं आणि पडद्याबाहेरून येणारा लढाईचा आवाज. हत्ती नकोत, दोनशे मावळे नकोत. महाडच्या एखाद्या पोराला मित्रांच्या मदतीने सावित्रीच्या काठच्या खडकावर हे करता येईल.

संस्कृत मी काढणार नाही. उलट प्रसंग सुरू व्हायच्या आधी ते श्लोक स्वच्छ म्हणून घेईन, आणि काशीच्या पंडिताने मधे थांबवून काही विचारावं असं करीन. मराठी अर्थ खाली पाटीवर. अर्थासाठी अडायचं कारणच नाही. सदाशिव महादेव दिवेकरांनी 1927 मध्ये मराठी अनुवादासह शिवभारत छापलं, त्याला शंभर वर्षं होत आली. पोराला सुरुवातीला पोथी वाटेल, वाटू दे. दोन मिनिटांनी त्या पोथीत एक माणूस दगडाला बांधलेला सापडला की कान आपोआप उघडतील.

शास्त्रीबुवा : आणि दासबोध? तिथे तर प्रसंगच नाहीत. उपदेश आहे. वीस दशक, दोनशे समास. उपदेशाचा लघुपट म्हणजे भिंतीवरचं सुभाषित.

मी : हा तुमचा सगळ्यात मजबूत आक्षेप, आणि दासबोधाच्या बऱ्याच भागाला तो लागूही पडतो. ब्रह्मनिरूपणाच्या समासांना कॅमेरा लावू नये, फजिती होईल. पण एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पाहा, लेखनक्रियेचा. अक्षर कसं काढावं, ते गोल आणि सुटं कसं ठेवावं, ओळ सरळ कशी राहावी, पानाच्या कडेला मोकळी जागा कशी सोडावी, पहिल्या पानावरचं अक्षर आणि शेवटच्या पानावरचं अक्षर एकाच लेखणीचं वाटावं, तरुणपणी अक्षर बारीक लिहिलं तर म्हातारपणी ते वाचणं जड जातं. कागद, शाई, चाकू, कातरी यांचीसुद्धा दखल. अध्यात्माच्या ग्रंथात मधेच हा लेखनिकाचा हिशेब! हा समास म्हणजे तयार चित्रपट आहे. बोरूची तासलेली तिरपी चोच, शाईत बुडवून भांड्याच्या काठावर निपटणं, पहिल्या उभ्या दांडीला जाड आणि वळणाला बारीक होणारी रेघ, ओळ संपताना उरलेल्या जागेचा अंदाज घेत किंचित आवळलेली अक्षरं. सहा मिनिटं फक्त एक हात. शिवथरघळीत तो पावसाळ्यात चित्रित करायचा मोह आवरला तर बरं, कारण तिथला धबधबा तोंडासमोर कोसळतो आणि त्यात माईकला दुसरं काही ऐकूच येणार नाही.

मात्र सांगणारा आणि ऐकणारा इथेही सोडायचा नाही, आणि इथे ते सोपं नाही. तो समास पहिल्याच ओवीत ब्राह्मणाला उद्देशून बोलतो. अक्षर घोटायचं ते त्याने. आता हा चित्रपट महाड तालुक्यात काढायचा आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते महाडात. मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले ठराव 1923 मध्येच केला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता, आणि तरीही पाणी पिण्यासाठी सत्याग्रह लागला. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली तीही इथेच. अक्षर कुणी गिरवायचं आणि कुणी नाही, हा प्रश्न या गावाने भर रस्त्यात विचारलेला आहे. मग सुंदर हात, सुंदर बोरू, सुंदर शाई एवढंच दाखवून निघून गेलो तर तो चित्रपट महाडचा होणार नाही. कुठल्याही गावाचा होईल.

शास्त्रीबुवा : झालं, आणलीत जात. समर्थांचा काळ वेगळा, लेखनिकाचा पेशा तेव्हा त्या वर्गाकडे होता, म्हणून तसा उल्लेख. चांगल्या अक्षराचा उपदेश आज सगळ्यांनी घ्यावा, तेवढा घ्या की. कवितेतलं शाश्वत तेवढं उचलावं, काळाचं टाकून द्यावं.

मी : जात मी आणली नाही, ती ओवीत आहे. तुम्ही ती काढा म्हणता, मी राहू द्या म्हणतो. यात समर्थांवर खटला भरायचा हेतू नाही. पण शाश्वत तेवढं उचलायला गेलं की काय होतं ते आपण पाठ्यपुस्तकांत पाहिलंय: कुणी, कुणाला, कुठे हे सगळं पुसलं जातं आणि चार गुळगुळीत ओळी उरतात. कॅमेऱ्याने तरी ते करू नये. मी हा चित्रपट काढला तर लिहिणाऱ्या हातापलीकडे ऐकणारे दाखवीन. ज्याला उद्देशून ओवी आहे तो समोर बसलेला, आणि ज्याला उद्देशून नाही तो दारात उभा, त्यालाही तितकंच स्वच्छ ऐकू येणारं. निवेदन नको, टीका नको. दिवेकरांचं शिवभारत आणि चवदार तळं दोन्ही 1927 सालचीच आहेत. एका बाजूला पंडित संस्कृत काव्य मराठीत आणत होते, दुसऱ्या बाजूला महाडात माणसं पाण्यापर्यंत पोचत होती. जुन्या कवितेवर इथे चित्रपट काढणाऱ्याला या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत घेऊन फिरावं लागेल.

आणि जुनी कविता म्हणजे फक्त पोथ्या असंही धरू नका. हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅं यांनी महाराष्ट्रभरच्या गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळाने 2017 पासून त्या प्रसिद्ध करायला घेतल्या, त्यातल्या कितीतरी छोट्या चित्रफितींसह. त्या फिती पाहाव्यात. बाया बसतात, एक ओवी उचलते, दुसरी धरते. ओवीत लेकीचं सासर आलं म्हणून कॅमेरा सासर दाखवायला पळत नाही. जातं बहुतेक घरांतून कधीच गेलंय, दळायला कुणी बसत नाही, तरी हात आणि आवाज त्या फिरण्याची आठवण ठेवून आहेत, आणि ते पडद्यावर दिसतं. मी इतका वेळ जे सांगतोय ते या फितींनी कसलाही सिद्धांत न मांडता करून दाखवलंय. ज्यांना कुणी कवी म्हटलं नाही त्यांच्या कवितेला सगळ्यात नेमका चित्रपट मिळाला, हे मला फार बोलकं वाटतं.

शास्त्रीबुवा : बरं, तुमच्या पिलाजीकडे येतो. तिथे मला एक विचारायचंय, आणि यावर तुम्ही हरणार. परमानंदांनी पिलाजीला दगडाला बांधलं आणि सोडून दिलं. त्यांची नजर तानाजीबरोबर गेली. बांधलेला माणूस रात्रभर काय करत होता, कवीने लिहिलेलं नाही. तुमचा कॅमेरा मात्र त्याच्यापाशी थांबणार. त्याचा चेहरा जवळून दाखवणार. तो रडला का, लाजला का, हे तुम्ही ठरवणार. म्हणजे आठवल्यांनी केलं तेच तुम्ही करताय. कवीने जे मुद्दाम गाळलं ते भरताय. सांगणारा जपायचा म्हणता आणि त्याचं मौन तेवढं मोडता.

मी : कॅमेरा पिलाजीपाशी थांबणार हे खरं. परमानंदांना तानाजीबरोबर जाणं भाग होतं, ते राजाच्या पराक्रमाचं काव्य लिहीत होते. मला ती सक्ती नाही. पण भर कशाची घालायची याचा नियम मला पाळता येईल: पिलाजीच्या तोंडी एक शब्द घालायचा नाही, त्याच्या मनातलं सांगणारा आवाज नाही, आणि लढाई त्याला दिसेल तेवढीच आपल्याला दिसेल, म्हणजे बहुतेक नाहीच. आठवल्यांनी तुकोबांच्या आवाजात नवे शब्द मिसळले. इथे कवीचे श्लोक कवीच्या आवाजात संपलेले असतील, काशीचा पंडित ‘पुढे?’ म्हणून विचारत असेल, आणि परमानंद तानाजीचं सांगत पुढे गेलेले असतील. मागे राहिलेल्या माणसाकडे बघतोय तो कॅमेरा, कवी नाही, हे प्रेक्षकाला उघड दिसेल. सांधा म्हणतो तो हाच.

शास्त्रीबुवा : चेहरा दाखवाल?

मी : दाखवीन.

शास्त्रीबुवा : पाठमोरा दाखवा. दगड, दोर आणि पाठ. परमानंदांच्या बाजूने एवढं मी मागून घेतो.

मी : पाठमोऱ्या माणसाची भीती दहा मिनिटं टिकत नाही, तिसऱ्या मिनिटाला तो नुसता बसलेला माणूस होतो. चेहरा अंधारात ठेवीन, तानाजीच्या बाजूची एखादी मशाल हलली की क्षणभर उजळेल इतपत. याहून कमी मला जमणार नाही.

शास्त्रीबुवा : मग मला मान्य नाही.